गाणं ऐकायचं होतं, ते बघायचं झालं

आज हिशेबाची वही बाजूला ठेवू. कर्ज, हप्ता, व्याज यांवर आपण दर महिन्याला बोलतोच. आज बोलायचं आहे गाण्याबद्दल आणि आपल्या दिसण्याबद्दल. तुम्ही म्हणाल, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध? गळा गोड असायला चेहरा देखणा असावा लागत नाही. पण आज गावातल्या एखाद्या मुलीनं गाणं म्हटलं आणि ते मोबाइलवर टाकलं, तर खाली लोक काय लिहितात ते वाचून बघा. गाण्याबद्दल दोन ओळी, आणि तिचा रंग, तिची जाडी, तिचे दात, तिची ओढणी यांबद्दल वीस. हे सगळं मोबाइलनं केलं असं आपण पटकन म्हणून टाकतो. मला वाटतं ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं शोधायला शंभर-सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं.

त्याच्याही मागं जायचं तर जात्यापाशी जाऊ. पहाटे अंधारात उठून दळायला बसलेली बाई ओवी गायची. समोर असलीच तर दुसरी दळणारी, नाहीतर सासू किंवा नणंद. चिमणीच्या उजेडात कोण कुणाचा चेहरा बघणार? ओवीत रूपाचं कौतुक नव्हतं असं नाही. भावाच्या, लेकाच्या रूपाचं तर भरपूर आहे. पण गाणारी स्वतः कशी दिसते याचा ओवीशी काही संबंध नव्हता. गाणं होतं कष्टाचं आणि मनातलं बोलण्याचं. ते कुणाला दाखवायचं नव्हतं.

गाणं दाखवायचं झालं ते नाटकात. आणि इथं एक गंमत आहे. त्या काळात चांगल्या घरच्या बाईनं रंगभूमीवर उभं राहायचं नाही असा दंडक होता, म्हणून बायकांची कामं पुरुष करायचे. त्यात सगळ्यांत मोठं नाव नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. जन्म १८८८ चा. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले, १९११ मध्ये 'मानापमान' नाटकात त्यांनी भामिनी उभी केली आणि १९१३ मध्ये स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. गळा तर देवाचा होताच, पण त्यांची साडी, त्यांचे दागिने, त्यांचा अंबाडा, त्यात माळलेली फुलं हे सगळं बघायला बायका नाटकाला जायच्या, आणि घरी येऊन तशीच साडी नेसायच्या, तसेच केस बांधायच्या. शहरातल्या शिकलेल्या घरांत ही फॅशनच झाली.

म्हणजे बाईनं कसं दिसावं, कसं चालावं, पदर कसा घ्यावा हे महाराष्ट्रातल्या बायका एका पुरुषाकडून शिकल्या. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. मग वाटलं, आज तरी वेगळं काय आहे? आपण कसं दिसावं हे ठरवणारा कुणीतरी दुसराच असतो, आणि बहुतेक वेळा त्याला आपल्यासारखं राबायचं नसतं. आणखी एक बघा. बालगंधर्वांचं वय झालं, अंग सुटलं, तरी पन्नाशी उलटल्यावरसुद्धा ते स्त्रीभूमिका करत राहिले आणि लोक गाणं ऐकायला येत राहिले. गाणाऱ्या बाईला अशी सवलत फार थोड्या वेळा मिळाली आहे.

सिनेमातही सुरुवात तशीच झाली. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये आला, त्यात तारामती झाले होते अण्णा साळुंके, एका खानावळीत काम करणारा तरुण. फाळक्यांनी बायका शोधल्या, पण कुणी तयार होईना. त्याच वर्षी त्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. भारतीय सिनेमातल्या त्या पहिल्या स्त्रिया. दुर्गाबाई एकट्यानं मुलीला वाढवत होत्या आणि पोटासाठी हे काम करत होत्या. आपल्या गटातल्या कितीतरी जणींना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

आता त्याच काळातलं एक यंत्र आपल्या विषयासाठी महत्त्वाचं आहे. ग्रामोफोन, म्हणजे तबकडीचं गाणं. १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहरजान नावाच्या गायिकेचं गाणं तबकडीवर घेतलं गेलं. गाणं संपलं की ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची. तबकड्या बनायच्या जर्मनीत, तिथल्या कारागिरांना हे गाणं कुणाचं ते कळावं म्हणून. पण त्यामुळे झालं असं की जिला कधी बघितलं नाही, तिचं नाव आणि आवाज घरोघरी गेला. जी बाई कुणाच्या ओसरीवर चढू शकत नव्हती, तिचा आवाज माजघरापर्यंत पोचला. तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची, म्हणून तासभर चालणारं गाणं गायिकांनी तीन मिनिटांत बसवलं. सिनेमाची गाणी पुढं कितीतरी वर्षं तेवढ्याच लांबीची राहिली, त्यामागं हे एक कारण आहे. ही तीन मिनिटं लक्षात ठेवा. पुढं तिचे किती तुकडे झाले ते सांगायचं आहे.

मग रेडिओ आला. मुंबई केंद्र सुरू झालं १९२७ च्या जुलैमध्ये. १९५५ च्या एक एप्रिलला पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालं. शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडके यांच्या, एकूण छप्पन्न गीतं, वर्षभर दर आठवड्याला एक. लोक रेडिओला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. सीता गाणारी, कौसल्या गाणारी बाई दिसते कशी हे कुणी विचारलं नाही, कारण विचारायची सोयच नव्हती. आवाजात सीता दिसत होती, तेवढं पुरे होतं.

पण रेडिओ अगदी धुतल्या तांदळासारखा होता असंही नाही. स्वातंत्र्याच्या सुमाराला आकाशवाणीनं ठरवलं होतं की ज्यांच्या खासगी आयुष्याबद्दल लोकांत चर्चा होते अशा कलावंतांना गाऊ द्यायचं नाही. याचा फटका कुणाला बसला? पिढ्यान्‌पिढ्या गाण्यावर पोट असलेल्या, कोठ्यावर, बैठकीत गाणाऱ्या बायकांना. म्हणजे शरीर दिसत नव्हतं तरी शरीराचा हिशेब ठेवला जात होताच. ज्यांचं गाणं ऐकायला मोठमोठी माणसं गेली, त्यांचं नाव सरकारी यादीत चालेना. आणि ऐकायला गेलेल्या पुरुषांच्या खासगी आयुष्याची चौकशी कुणी केली असेल असं मला वाटत नाही.

सिनेमानं आवाज आणि शरीर हे दोन्ही वेगळे केले. १९३५ च्या सुमाराला पार्श्वगायन आलं. गायची एक, ओठ हलवायची दुसरी. १९४९ मध्ये 'महल' चित्रपटाच्या एका गाण्यानं देशाला वेड लावलं. तबकडीवर गायिकेचं नाव काय छापलं होतं, सांगा? कामिनी. म्हणजे सिनेमातल्या पात्राचं नाव. गाणाऱ्या होत्या आपल्या लता मंगेशकर. लोकांनी विचारायला सुरुवात केली तेव्हा नाव सांगितलं गेलं. पुढं गायकांची नावं तबकडीवर यावीत म्हणून लताबाई भांडल्या. कामाचं नाव आपलंच लागलं पाहिजे हा आग्रह आपल्या पापड-लोणच्याच्या पाकिटावर गटाचं नाव हवं या आग्रहासारखाच आहे.

याच काळातल्या दोघींबद्दल जरा थांबून सांगते, कारण त्या आपल्या मातीतल्या आहेत. एक सुलोचना चव्हाण. जन्म १९३३ चा. लावणी म्हटलं की शृंगार आलाच, आणि तो शृंगार या बाईनं अशा ठसक्यात गायला की आचार्य अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं. पण मंचावर त्या कशा यायच्या? डोक्यावरून पदर घेऊन. जे काही व्हायचं ते गळ्यातून. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्या गेल्या.

दुसऱ्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. तमाशाच्या फडात वाढल्या, दोनदा राष्ट्रपतींच्या हातून पुरस्कार घेतला. त्यांची एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या, पडद्यामागं गेल्या, बाळ झालं, नाळ दगडानं तोडली आणि पुन्हा नाचायला आल्या, अशी ती गोष्ट सांगितली जाते. लोक ती अभिमानानं सांगतात. मला मात्र ती ऐकताना दरवेळी अंगावर काटा येतो. बाळंतिणीला त्या दिवशी विसावा का नव्हता, हे कुणी विचारत नाही. २००२ मध्ये त्या गेल्या, शेवटचे दिवस हलाखीचे होते. आज त्यांच्या नावानं राज्य सरकार पुरस्कार देतं. ज्या शरीराकडे आयुष्यभर लोकांनी पैसे देऊन बघितलं, त्या शरीराच्या दुखण्याचा खर्च कुणी करायचा, हा प्रश्न तमाशातल्या बायकांसाठी अजून सुटलेला नाही.

आता दूरदर्शनकडे येऊ. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. सिनेमाची गाणी घरात दिसू लागली. गावात एखाद्याच घरी टीव्ही असायचा, आणि आठवड्यातून एकदा गाणी लागली की अख्खी आळी तिथं बसायची. १९७५ मध्ये गोरं करणारी 'फेअर अँड लव्हली' क्रीम बाजारात आली. गोरेपणाची हौस काही तिनं आणली नाही. मुलगी बघायला आलेले पाहुणे आपल्याकडे आधीपासूनच रंग बघत होते. पण आधी रंग म्हणजे नशीब होतं, आता ती पैसे देऊन सुधारायची गोष्ट झाली. जाहिरातीत सावळ्या मुलीला नोकरी मिळायची नाही, लग्न ठरायचं नाही. क्रीम लावली की दोन्ही. नव्वदीत केबल आली, वाहिन्या वाढल्या. २००८ मध्ये करीना कपूर एका चित्रपटासाठी फार बारीक झाली आणि 'झिरो फिगर' हा शब्द शहरातून थेट आपल्या एसटी स्टँडपर्यंत आला.

इथं मी तुम्हाला फार लांबच्या एका बेटावर घेऊन जाते. फिजी नावाचा देश आहे, समुद्रात, बेटांचा. आपल्या देशातून उसाच्या मळ्यांवर मजूर नेले होते तोच. तिथल्या मूळच्या लोकांत अंगानं भरलेली बाई म्हणजे चांगल्या घरची, नीट सांभाळलेली बाई. 'अंग धरलंय गं' असं म्हणणं म्हणजे कौतुक. अगदी आपल्यासारखं! माहेरी आलेल्या लेकीला आपल्या आज्या म्हणायच्या ना, 'सासर मानवलं बाई, भरलीस जरा.' तर त्या देशातल्या नाद्रोगा नावाच्या भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. अॅन बेकर नावाच्या अमेरिकन डॉक्टरबाईंनी तिथल्या शाळकरी मुलींशी टीव्ही येताना आणि त्यानंतर तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, बोलून नोंदी केल्या. पहिल्या वेळी वजन कमी करायला मुद्दाम उलटी काढणारी एकही मुलगी नव्हती. तीन वर्षांनी शंभरात अकरा मुली तसं करत होत्या, आणि शंभरातल्या चौऱ्याहत्तर मुलींना आपण फार जाड आहोत असं कधी ना कधी वाटत होतं. मुली पडद्यावरच्या बायकांसारखं व्हायचं म्हणत होत्या, कारण तसं झालं की चांगली नोकरी, चांगलं आयुष्य मिळतं असं त्यांना वाटत होतं. तीन वर्षांत एवढं. शेकडो वर्षांचं कौतुक तीन वर्षांत लाजेत बदललं.

हे मी इतकं लांबवून सांगितलं, कारण आपल्याकडे याला एक वेगळी बाजू आहे. आपल्या राज्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं. निम्म्याहून जास्त. त्याच्या आधीच्या फेरीत हा आकडा ४८ होता. म्हणजे आपल्या मुलींना कमी खायला सांगण्यासारखी परिस्थितीच नाही. तरी आमच्या एका गटातल्या ताईंची लेक सकाळची भाकरी टाळून कॉलेजला जायची, मोबाइलवर बघून. आई समजायची, पोरगी घाईत आहे. लोहाच्या गोळ्या वाटायच्या एका बाजूनं, आणि दुसऱ्या बाजूनं त्याच मुलीच्या हातातला फोन तिला सांगतोय की तुझं पोट सपाट नाही.

आता या फोनकडेच येते. भारतात सामान्य लोकांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला. पण ते शहरातल्या थोड्यांसाठी होतं. आपल्या वाडीवस्तीवर ते खऱ्या अर्थानं पोचलं २०१६ नंतर, जिओनं डेटा स्वस्त केला तेव्हा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'सैराट' आला होता. 'झिंगाट' लग्नात, वरातीत, गणपतीत सगळीकडे वाजलं. त्यातली आर्ची, म्हणजे अकलूजची रिंकू राजगुरू, बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी, आपल्याच शिवारातली वाटणारी मुलगी. आपल्या भागातल्या मुलींना पडद्यावर स्वतःसारखं कुणीतरी दिसलं, आणि लगेच स्वस्त डेटा हातात आला. पहिली दोन-तीन वर्षं म्हणूनच मला फार चांगली वाटतात. टिकटॉकवर शेतात काम करणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या, डोक्यावर पदर घेतलेल्या बायका गाण्यावर नाचत होत्या, नक्कल करत होत्या. त्यांना कुणी निवडलं नव्हतं, कुणाची परवानगी घ्यावी लागली नव्हती. बालगंधर्वांच्या काळापासून जे दार बंद होतं ते उघडल्यासारखं झालं. २९ जून २०२० ला सरकारनं टिकटॉकसह ५९ अॅपवर बंदी घातली. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं भारतात रील सुरू केलं, आणि सगळी गर्दी तिकडे गेली.

आता ती तीन मिनिटं आठवा. रीलमध्ये गाण्याचा पंधरा-तीस सेकंदांचा तुकडा चालतो. बोट वर सरकवलं की दुसरं. म्हणून गाणं बांधणारा आता विचार करतो, यातला कुठला तुकडा लोक उचलतील? त्या तुकड्यावर हाताची, कमरेची एखादी सोपी हालचाल बसली पाहिजे, साडी-पदर-चष्म्याचा एखादा नखरा बसला पाहिजे. गाणं चाललं म्हणजे किती जणांनी ऐकलं एवढंच नाही, तर किती जणींनी त्यावर स्वतःचं शरीर दाखवलं, असा हिशेब झाला. तबकडीनं गाणं छोटं केलं, पण गाणारीला झाकून ठेवलं. रीलनं ते आणखी छोटं केलं आणि ऐकणारीलाच कॅमेऱ्यापुढं उभं केलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यांत मोठा बदल हाच आहे. पूर्वी गाणारी बाई बघितली जायची. आता गाणं ऐकणारी प्रत्येक बाई बघितली जाते.

'गुलाबी साडी' हे गाणं तुमच्यातल्या लहान-मोठ्या सगळ्यांना माहीत आहे. संजू राठोड, आपल्या जळगाव जिल्ह्यातला मुलगा. २०२४ च्या सुरुवातीला गाणं आलं आणि देशभर, परदेशातही त्यावर रील झाले. मोठी कंपनी नाही, सिनेमा नाही, मराठी गाणं, आणि एवढं गाजलं, याचा मला आनंदच आहे. पण त्यातली नायिका काय मागते बघा. पूर्वीच्या गाण्यातली नायिका शालू मागायची, मोत्याची नथ मागायची, जत्रेला ने म्हणायची. ही म्हणते, मी छान दिसतेय, माझा फोटो काढ. एका बाजूनं बरं वाटतं, की तिला आपण छान दिसतो हे स्वतःलाच माहीत आहे, कुणी सांगायची वाट बघत नाही. दुसऱ्या बाजूनं वाटतं, साडी नेसल्याचा आनंद फोटो निघाल्याशिवाय पुरा होत नाही का? आमच्या बैठकीत यावर वाद झाला होता. तरुण मुली म्हणाल्या, आमच्या आयांचे लग्नातले चार फोटो सोडले तर एकही फोटो नाही, मग आम्ही काढले तर काय बिघडलं? त्यांचं म्हणणं खोडून काढता येत नाही.

काढा फोटो. पण तो फोटो तुमचाच असतो का, ते बघू. फोनमधला फिल्टर काम कसं करतो हे मी एका मुलीकडून समजून घेतलं. आपण रांगोळीला ठिपके काढतो तसे फोन तुमच्या चेहऱ्यावर ठिपके ठेवतो, डोळ्यांच्या कडेला, नाकावर, हनुवटीवर, जबड्याच्या रेषेवर. मग ते ठिपके जरा सरकवतो. नाक बारीक, डोळे मोठे, गाल आत. वरून कातडी गुळगुळीत आणि चार छटा उजळ. सगळ्या मुलींना एकच नाक, एकच हनुवटी. आपल्यातलं आजीचं नाक, आत्याची हनुवटी पुसून टाकतो तो. आणि हे चालू केलेलं असतं याची आठवणही राहत नाही. महिनाभर तसाच चेहरा बघितल्यावर मग आरसा खोटा वाटायला लागतो.

कंपन्यांना हे माहीत नाही का? माहीत आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या वर्तमानपत्रानं फेसबुक कंपनीची आतली कागदपत्रं छापली. इन्स्टाग्राम त्याच कंपनीचं. कंपनीच्याच अभ्यासात असं निघालं होतं की आपल्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींना इन्स्टाग्राम बघून जास्तच वाईट वाटलं. तीन मुलींत एक. कागदपत्रं बाहेर आणणारी बाईच होती, फ्रान्सिस हॉगेन, तिथंच काम केलेली. तिनं अमेरिकेच्या संसदेपुढं जाऊन साक्ष दिली.

२०२० मध्ये थोडं काही हललंही. जून महिन्यात लग्न जुळवणाऱ्या 'शादी डॉट कॉम' संकेतस्थळानं मुलीच्या कातडीच्या रंगाप्रमाणे स्थळं चाळायची सोय काढून टाकली, कारण परदेशात राहणाऱ्या आपल्याकडच्याच बायकांनी त्याविरुद्ध सह्या गोळा केल्या. त्याच महिन्यात 'फेअर अँड लव्हली'नं नावातला 'फेअर' काढायचं जाहीर केलं. नाव झालं 'ग्लो अँड लव्हली'. ट्यूब साधारण तीच. नाव बदलून किती फरक पडतो हे तुम्हीच ठरवा, आपल्याकडे तरी दुकानात अजून जुन्याच नावानं मागतात.

आणि खरा धोका आता त्या ओळखीच्या ट्यूबमध्ये राहिलेला नाही. तो आहे बिनानावाच्या, लेबल नसलेल्या डब्यांत, जे फोनवर जाहिरात बघून मागवले जातात किंवा 'आठ दिवसांत गोरी' म्हणून हातोहात विकले जातात. त्यातल्या कित्येकांत पारा असतो. पारा कातडीतला काळा रंग बनू देत नाही, म्हणून फरक लवकर दिसतो. तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडावर बसतो. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या एका रुग्णालयाच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या १५ जणांत आजाराचा एकच वेगळा प्रकार दिसला, आणि त्या पंधरातल्या १३ जणांनी गोरेपणाची क्रीम लावत असल्याचं सांगितलं. आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे अशा क्रीममध्ये पारा घालता येत नाही, चुकून राहिलाच तर दहा लाख भागांत एक भाग, त्याहून जास्त नाही. म्हणून डब्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, घटक लिहिलेले नसतील तर तो डबा घरात नको. पायावर, डोळ्यांखाली सूज आणि लघवीला खूप फेस अशी लक्षणं दिसली तर क्रीम लगेच बंद करायची आणि डबा बरोबर घेऊन डॉक्टरकडे जायचं. गटातल्या ज्या ताई ब्युटी पार्लर चालवतात त्यांनी हे कृपा करून नीट ऐकावं, कारण तुमच्यावर गिऱ्हाइकाचा विश्वास आहे.

आणखी एक सांगते, कारण न सांगता पुढं गेले तर अर्धवट होईल. काही वर्षांपूर्वी लावणीच्या कार्यक्रमांतून गाजलेल्या एका तरुण कलावंतिणीचा कपडे बदलतानाचा व्हिडिओ कुणीतरी चोरून काढला आणि पसरवला. तो बघणाऱ्यांतले बरेच जण 'ती नाचतेच तशी' असं म्हणत होते. गौहरजानच्या वेळी हेच, आकाशवाणीच्या नियमात हेच, विठाबाईंच्या वेळी हेच. फक्त तेव्हा बोलणारे चार होते, आता लाखो आहेत. असा व्हिडिओ काढणं आणि पुढं पाठवणं दोन्ही गुन्हा आहे. १९३० या क्रमांकावर सायबर फसवणुकीची तक्रार करता येते, आणि बायकांच्या अशा चित्रांबद्दलची तक्रार सरकारच्या सायबर क्राइम संकेतस्थळावर नाव न सांगताही नोंदवता येते. हा गुन्हा आहे हे पोरांनाही सांगून ठेवा. पोरींना सांभाळून राहायला आपण सांगतोच.

याच इंटरनेटवर आपल्या ओव्याही आहेत. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त. आता त्या 'परी' नावाच्या संकेतस्थळावर ठेवल्या आहेत, ग्रामीण भारताचा संग्रह आहे तो. ओवी लिहिलेली आहे, कितीतरी ठिकाणी आवाजही आहे, आणि गाणारीचं नाव, गाव, तिचा फोटोही. सुरकुत्या, गोंदण, पडलेले दात, सगळं आहे तसं. फिल्टर नाही. पुणे, सातारा, अहिल्यानगर, बीड, लातूर अशा भागांतल्या बायका आहेत, शोधलं तर तुमच्या शेजारच्या गावचीही सापडेल. मी ऐकायला लागले की थांबवत नाही.

आपल्या केंद्रावरही पुढच्या महिन्यात आमच्या गटातल्या तीन मावश्या ओव्या म्हणायला येणार आहेत. बोलावायला गेले तेव्हा एक मावशी म्हणाल्या, 'येते, पण साडी कुठली नेसू गं?' मी सांगितलं, मावशी, रेडिओ आहे, साडी दिसत नाही. तर म्हणाल्या, 'मला दिसते ना.' इरकल नेसून येणार आहेत.